ओढ्याचे आबा

पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेलं की आपण घरातली माणसं बघतो, फार तर भिंतीवरच्या तसबिरी बघतो. आबा पाणी बघत. दारात तांब्या पुढे आला की ते त्यातले दोन घोट घेत, उरलेलं पाणी उंबऱ्याबाहेर ओतत आणि उकिडवे बसून ते कुठं जातंय ते निरखत राहत. यजमान बिचारे 'या, बसा' म्हणत तिष्ठत उभे. पाणी सरळ रस्त्याकडे गेलं तर आबांचा चेहरा खुलायचा. भिंतीकडे वळलं, किंवा मध्येच डबकं करून थांबलं, तर चहा येईपर्यंत त्या घराची धडगत नसे.

पुतण्यासाठी मुलगी बघायला ही मंडळी पणदऱ्याला गेली होती, तेव्हाची गोष्ट मला काकींनी सांगितली. काकी म्हणजे आबांच्या मंडळी. मुलगी चहा घेऊन बाहेर आली तर आबा बैठकीत नाहीत. ते परसात मोरीपाशी बसलेले. परत येऊन मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगी गुणाचीच आसंल. पन तुमच्या मोरीचं पानी शेजाऱ्याच्या भिताडात जिरतंय. त्याची भिंत बसली तर त्यानं कुनाकडं बघायचं?" काकींनी मागून सदरा ओढला म्हणून पुढचं राहिलं. लग्न ठरलं. तिथीच्या आधी मोरी वळवून झाली होती, आणि मुलीचा बाप मांडवात ज्याला त्याला सांगत होता, "लोक हुंडा मागत्यात, आमच्या इव्हायांनी मोरी मागून घेतली."

हे मी हसत सांगते आहे, पण आबांची आठवण आली की मला हसू येत नाही. त्यांच्याइतकं दुसऱ्याच्या भिंतीची काळजी करणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि त्यांच्या वाट्याला जे आलं ते वैऱ्याच्याही येऊ नये.

मी त्या गावात लोकल बोर्डाच्या दवाखान्यात नर्स होते. स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. गाव बारामती आणि इंदापूर यांच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, आठवडी बाजाराचं. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून माणसं राहतात आणि मला या वयात कुणाशी भांडायचं नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा बारामतीहून यायचे, बाकीचे दिवस दवाखाना माझ्या गळ्यात. राहायला आबांच्या घराची पुढची खोली मिळाली होती. आबा गावचे सरपंच. मी खोली बघायला गेले तेव्हा भाड्याची गोष्ट मीच काढली. ते म्हणाले, "भाड्याचं ऱ्हाऊ द्या, बाई. सांडपानी कुठं टाकनार त्येवढं सांगा."

गावाच्या मधोमध ओढा होता. जवळजवळ सारं वर्ष कोरडा ठणठणीत. त्यात पोरं विटीदांडू खेळायची, गाढवं लोळायची, आणि घरोघरची राख, फुटकी मडकी, केरकचरा त्याच्याच पोटात जायचा. आमच्याकडे पाऊस मुळातच बेताचा. ऊस पिकायचा तो कॅनॉलवर, त्यामुळे बागायतवाले आभाळाकडे फारसे बघतही नसत. पण वरच्या अंगाला सगळा उघडा माळ. वर्षातून एखादा पाऊस त्या माळावर असा कोसळायचा की गावात ऊन पडलेलं असतानाच ओढ्याला लोंढा यायचा, काठ सोडून खालच्या आळीत शिरायचा, आणि तिथली मातीची दोन-चार घरं बसायची. दुसऱ्या दिवशी ओढा पुन्हा कोरडा. तिसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्यात राख टाकायला मोकळे.

आबा त्या पाण्याला 'पाव्हणा' म्हणत. "वर्सातनं एकदा येतोय. त्याची वाट आडवली तर घरात शिरंल न्हाय तर काय करंल?" रोज सकाळी ते काठी आपटत ओढ्यातून वरपासून खालपर्यंत चालत जात. दुसरे सरपंच गावातून मिरवतात, आमचे सरपंच ओढ्यातून. लोक समोर 'आबा' म्हणत आणि पाठ वळली की 'ओढ्याचे आबा'. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पंचायतीत त्यांनी ठराव करून घेतला, की ओढ्यात केर टाकील त्याला दंड. ठराव एकमतानं पास झाला, कारण दंड कुणी कुणाला करील असं कुणाला वाटलंच नव्हतं. पहिला दंड काकींना झाला. चुलीतली राख त्यांनी सवयीनं मागच्या दारातून ओढ्यात टाकली होती. आबांनी चावडीत सगळ्यांसमोर त्यांचं नाव वाचलं. पुढं कितीतरी दिवस काकी त्यांना भाकरी वाढत होत्या, पण तोंडातून शब्द काढत नव्हत्या. मला म्हणाल्या, "बाई, सवत आस्ती तर तिच्या झिंज्या धरल्या आस्त्या. ह्या वढ्याचं काय धरू?"

हे वेड कशानं लागलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "देवळं बांधाया गावात मानसं लई हायती," ते म्हणाले, "वढ्याला कोन न्हाय." दुसऱ्या कुणाला त्यांनी वेगळंच कारण सांगितलं होतं, असंही मी ऐकलं. मला वाटतं, खरं कारण त्यांचं त्यांनाही माहीत नसावं.

त्यांच्या मनात एकच होतं. ओढ्याला दोन्ही अंगांनी दगडी भिंत घालायची, म्हणजे पाणी गावात न शिरता सरळ खाली नीरेकडे निघून जाईल. त्यासाठी ते बारामतीला खेटे घालत. अखेर बोर्डानं कबूल केलं, की निम्मा खर्च गावानं उभा केला तर निम्मा आम्ही देऊ. आबा त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. निम्मा मिळाला म्हणजे काम झालंच, असं त्यांनी धरलं होतं. गाव त्यांनी जन्मभर पाहिलेलं, तरी असं धरलं.

चावडीतल्या बैठकीत त्यांनी घरपट्टीबरोबर थोडी जादा पट्टी बसवायची म्हणून सांगितलं. एक बडे ऊसवाले उठले आणि म्हणाले, "आबा, वरनं पडत न्हाय म्हून आमी कॅनॉलची पट्टी भरतोय. आता पडतंय म्हून बी भरायची व्हय?" चावडी हसून हसून लोळली. वरच्या आळीचं म्हणणं, पाणी शिरतं खालच्या आळीत, मग पट्टी आम्ही का द्यावी? "पानी तुमच्या दारावरनंच खाली जातंय," आबा म्हणाले, पण ते कुणी ऐकलं नाही. खालच्या आळीची माणसं मागे भिंतीला टेकून बसली होती. त्यांनीही हात वर केला नाही. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि ते चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटत होती.

त्यानंतर बरेच दिवस आबा सकाळी ओढ्यात जात, पण काठी आपटत नसत. नुसते जाऊन येत.

बाजार तेव्हा वरच्या मैदानात भरायचा. मैदान पुरायचं नाही, म्हणून माळवं, म्हणजे भाजीपाला, विकणाऱ्या बायका, मडकीवाले, दोरखंडवाले असे कडेचे लोक ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरून बसत. खाली वाळू गार, काठाच्या झाडांची सावली. आबा दर बाजाराला त्यांना हुसकून वर घालवत. एका बाजारी मी पाहिलं, तर ते काठावर उभे राहून त्या बायकांकडे नुसते बघत होते. पुढच्या बाजारी ओढ्यात चुन्याची फक्की मारून जागा आखलेल्या दिसल्या, आणि पंचायतीचा शिपाई पावतीपुस्तक घेऊन जागाभाडं गोळा करत हिंडत होता.

ठराव साधा होता. ओढ्यातल्या जागांचं भाडं दुसऱ्या कशाला लावायचं नाही, फक्त ओढ्याच्या भिंतीला. कुणी विरोध केला नाही, कारण बसणारे बहुतेक बाहेरगावचे. दुसऱ्याच्या खिशातून जाणाऱ्या पट्टीला विरोध करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी आबांना म्हटलं, "आबा, परवापर्यंत तुम्हीच सांगत होता, पाव्हण्याच्या वाटेत बसू नका म्हणून."

"व्हय की. पन भिंतीला दुसरं कोन देतंय, बाई? पाव्हण्याच्या वाटंवरच पाव्हण्याची सोय करायची. भिंत पुरी झाली का समद्यांस्नी वर मैदानात घालवतो."

"आणि तोवर पाणी आलं तर?"

"तवर मी हाय की."

आणि ते खरोखरच होते. पावसाळ्यातल्या प्रत्येक बाजाराला आबा गावाच्या वरच्या वळणावर, जिथून माळ दिसतो, तिथं दगडावर बसत. जवळ काशाची मोठी थाळी आणि लोखंडी टोला. वरून येणाऱ्या गाडीवानाला थांबवून विचारत, "वर कसं हाय?" जेवण काकी तिथंच पाठवत. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी खरोखर पाण्याआधी थाळी वाजवली. बायकांनी पाट्या डोक्यावर घेतल्या, काठाच्या उतारानं वर चढून आल्या, पाणी आलं आणि गेलं, आणि त्या वाळू निथळली तशा पुन्हा खाली जाऊन बसल्या. मग आबांच्या थाळीवर लोकांचा असा भरवसा बसला, की जे आधी भीत होते तेही ओढ्यात जागा मागायला लागले. मैदान ओस पडलं. तिथं सोसायटीचं गोदाम बांधायचं ठरलं तेव्हा कुणाला अडचण वाटली नाही.

सरू त्याच सुमाराला आली. कळस गावची, माळव्याचा बाजार करणारी, विशीतली पोरगी. एका बाजारी पाटी डोक्यावर घेऊन येतानाच तिला कळा सुरू झाल्या आणि ती तशीच माझ्या दवाखान्यात शिरली. मुलगी झाली. मी बाळाला पुसत होते, तर ही विचारते, "बाई, माळव्यापाशी कोन हाय?" मी बाहेर डोकावले. दवाखान्याच्या दारात आबा तिची पाटी पुढं घेऊन वांगी विकत बसले होते. गिऱ्हाइकानं भाव विचारला की म्हणत, "तुमीच सांगा." त्या दिवशी गावानं वांगी फार स्वस्तात खाल्ली. तरी सरू त्यांच्यावर खूश होती.

अंगावरचं पोर घेऊन उन्हात बसू नये म्हणून आबांनी तिला सगळ्यात चांगली जागा दिली. मधोमध, नव्या भिंतीच्या अगदी बुडाशी, दिवसभर सावलीची. त्या जागेसाठी भांडणं होत, पण आबांनी कुणाचं ऐकलं नाही. सरूनं जागा बघितली, भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "आबा, पानी आलं तर पोरीला घिऊन कुठनं चढू?"

"थाळी वाजली का निघायचं. मी हाय की."

भिंत दर उन्हाळ्यात पुढं सरकत होती. जागाभाडं जमेल तेवढं काम व्हायचं, बोर्डाचा वाटा यायचा, पावसाळ्यात थांबायचं. काम चांगलं होतं. काळा घडीव दगड, उंची पुरुषभर आणि वर हात लांब केला तर तेवढी, आणि सरळ उभी. पूर्वी ओढ्याचा काठ उतरता होता, माणूस कुठूनही धावत वर जाई. आता वर यायच्या वाटा दोनच राहिल्या, वरच्या टोकाला गाडीवाटेचा उतार आणि खालच्या टोकाला तसाच दुसरा.

हे गवंड्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं विचारलं, "आबा, मधी दोन ठिकानी पायऱ्या सोडू का?" मी तेव्हा तिथंच उभी होते, सरूच्या पोरीला देवी टोचायची आठवण करून द्यायला गेले होते. आबांनी पायऱ्यांची जागा पावलांनी मापली. प्रत्येक जिन्याला चांगल्या तीन-चार जागा जात होत्या. त्या गेल्या की तेवढं भाडं गेलं, तेवढं भाडं गेलं की भिंत तेवढी कमी, आणि खालच्या आळीची शेवटची घरं अजून उघडी होती. आबांनी तेच माप पुन्हा एकदा पावलांनी घेतलं. मग म्हणाले, "आदी खालच्या आळीची पुरी हुंद्या. पायऱ्या म्होरच्या साली."

गवंडी 'बरं' म्हणाला. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेच म्हणालं असतं. आबांचा ओढ्याबद्दलचा शब्द म्हणजे गावात शेवटचा.

खालच्या आळीची भिंत त्या उन्हाळ्यात पुरी झाली. पावसाळा संपत आला होता. बाजाराचा दिवस, गावावर लख्ख ऊन. मी दवाखान्यात होते. दुपारी थाळी वाजायला लागली आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. आबा बसलेत, लोक वर येतील, एवढंच मनात आलं. बाजारातल्या लोकांनाही तसंच वाटलं असणार. ते सवयीनं माल आवरायला लागले. सरूची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

पण थाळी थांबेना. आबा असे कधी वाजवत नसत. मी बाहेर आले.

यापूर्वी पाणी यायचं ते पसरत, काठ चाटत यायचं, आणि माणसाला वेळ द्यायचं. आता त्याला दोन्ही बाजूंनी भिंत होती. पसरायला जागा नव्हती, म्हणून ते उंच झालं आणि धावत आलं. वरच्या उताराकडे जायची सोयच नव्हती, तिकडूनच ते येत होतं. सगळा बाजार खालच्या उताराकडे पळाला. तिथं गाड्या, बैल, पाट्या, माणसं यांचा एकच लगदा झाला. मधली माणसं भिंतीपाशी अडकली. वरून लोकांनी धोतरं सोडली, पासोड्या सोडल्या, विकायला आणलेले दोर सोडले, आणि हाताला लागेल त्याला ओढून घेतलं. पुष्कळ वाचली ती अशी.

थाळी फेकून आबा भिंतीवरून धावत येताना मी पाहिले. सरूच्या जागेपाशी ते पालथे पडले आणि दोन्ही हात खाली घातले. मी त्यांच्या मागे जाऊन पोहोचले. खाली सरू छातीभर पाण्यात भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पोरीला डोक्यावर धरून होती. ओरडत नव्हती, वर बघत होती. आबांनी पोरीचे दंड पकडले, वर ओढली, वळून माझ्या हातात दिली. पुन्हा वळून हात खाली घातले. खाली नुसतं पाणी होतं.

ते तसेच पडून राहिले, हात खाली सोडून. पाणी ओसरायला लागलं तेव्हा माणसांनी त्यांना उचललं.

तिघं गेली. सरू, एक म्हातारा दोरखंडवाला, आणि परगावची भजी तळणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नीरेकडच्या बाभळीत सापडली. सरूला अंघोळ मी घातली. तिच्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती, नखं गेली होती. भिंतीच्या दरजा आमच्या गवंड्यानं फार चांगल्या भरल्या होत्या, कुठं बोट अडकेल अशी फट ठेवली नव्हती.

आणि गावात काय झालं? खालच्या आळीतलं एकही घर बसलं नाही. पहिल्यांदाच. तिसऱ्या दिवशी त्या आळीतली माणसं नारळ आणि हार घेऊन आबांच्या दारात आली. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांची पोरं घरात कोरडी झोपली होती. आबा आत गेले आणि त्यांनी कडी लावून घेतली. हार काकींनी घेतला आणि कुठं ठेवावा ते न कळून माझ्या खोलीच्या खुंटीला अडकवला. मी तो फेकून दिला.

गावात एकानंही आबांना दोष दिला नाही. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. एकदा संध्याकाळी मी पडवीत बसले असताना ते मला म्हणाले, "बाई, भिंतीनं क्येलं का मी क्येलं?"

मी म्हटलं, "पाण्यानं केलं, आबा."

"पानी येनारच हुतं," ते म्हणाले.

पुढच्या बैठकीत त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. ओढ्यातून बाजार उठवायचा आणि भिंत फोडून पायऱ्या काढायच्या. मग तेच ऊसवाले उठले. "आबा, बाजार न्यायचा कुठं? मैदानात तर गोदाम झालं. आन् जागाभाडं बंद झालं तर वरच्या आळीच्या भिंतीचं काय?" खालची आळी वाचलेली पाहून वरच्या आळीला आता भिंत पाहिजे होती. पायऱ्यांचं कुणी नाही म्हटलं नाही. फक्त त्यासाठी कुणाच्या जागा जाणार, यावर दिवेलागणीपर्यंत वाद झाला आणि ते पुढच्या बैठकीवर गेलं. उठताना कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "येवढं मनाला लावून घिऊ नका, आबा. तुमची थाळी हाय की."

काही दिवसांनी सरूचा नवरा आबांच्या घरी आला. बरोबर त्याची आई, कडेवर मुलगी. मला वाटलं, आता हा बोलेल, जे गाव बोललं नाही ते. तो उभाच राहिला आणि म्हणाला, "आबा, सरूची जागा आमच्याच नावावं ऱ्हाऊ द्या. आता आई बसंल."

आबा म्हणाले, "त्या जागंवं मी कुनालाच बसू देनार न्हाय."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाबरल्यासारखं झालं होतं. "आसं करू नगा. माळव्यावर चालतंय आमचं. बायकू गेली, आन् जागा बी घेता व्हय?"

आबांनी मुलीकडे पाहिलं. ती काकींच्या हातातल्या भाकरीकडे बघत होती. "बसा," ते म्हणाले. मग त्यांनी शिपायाला बोलावून जागा म्हातारीच्या नावावर करायला सांगितली, आणि त्याच आठवड्यात सरपंचकी सोडली. थाळी नि टोला चावडीत नेऊन दिला. वळणावर बसायला पंचायतीनं एक माणूस नेमला.

आबांनी सुताराकडून एक शिडी करून घेतली, बाभळीच्या लाकडाची, भिंतीपेक्षा हातभर उंच. पुढं प्रत्येक बाजाराला ते ती खांद्यावर घेऊन गावातून जात आणि सरूच्या जागेपाशी भिंतीला लावून वर बसून राहत. पाऊसकाळ संपला, थंडी गेली, चैत्राचं ऊन आलं, तरी शिडी चालूच. "आबा, आता कुठलं पानी?" असं लोक विचारत. ते शिडी नीट टेकलीय का ते हलवून बघत. घरात त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. काकी मला म्हणाल्या, "पयलं बोलायचं थांबत नव्हतं म्हून भांडत हुते मी." आणि रडायला लागल्या. पायऱ्यांची बैठक आज होईल, उद्या होईल, असं चाललं होतं. मी असेपर्यंत ती झाली नाही.

माझी इंदापूरला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी बाजार होता, म्हणून सरूच्या मुलीला बघायला मी खाली उतरले. म्हातारी पाट्या मांडत होती. मुलगी वाळूत बसून शेंगा फोडत होती, मला बघून हसली. भिंतीला शिडी लावलेली होती, तिचे दोन पाय म्हातारीच्या जागेत रोवलेले. वर आबा उन्हात बसले होते.

म्हातारीनं एक पाटी इकडं सरकवली, दुसरी तिकडं सरकवली. मग मान वर करून अगदी साधेपणानं म्हणाली, "आबा, ती शिडी जरा वर घ्या. पाट्या ठिवाया जागा न्हाय."

आबा उठले. त्यांनी शिडी वर ओढून घेतली. पण आडवी ठेवली नाही. दोन्ही हातांनी ती उभी धरून, भिंतीच्या कडेला, ते बाजार उठेपर्यंत तसेच उभे राहिले.